बंगळूरचे शहाजीराजे आणि मराठी चरित्रदृष्टी

जोतीराव फुले यांनी तारुण्याच्या उंबरठ्यावर, १८४७ च्या सुमारास, दोन चरित्रे वाचली आणि त्या वाचनाने त्यांच्या ठिकाणी स्वातंत्र्याची ओढ उत्पन्न झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगत आले आहेत. त्यांपैकी एक शिवछत्रपतींचे आणि दुसरे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचे. ही जोडी कोणासही पटण्यासारखी आहे. दोघांनीही बलाढ्य सत्तेशी झुंज देऊन नवे राज्य उभे केले आणि दोघांच्याही नावाभोवती पुढील पिढ्यांचा भक्तिभाव दाटला. परंतु चरित्रवाङ्मयाच्या दृष्टीने पाहू लागले म्हणजे या जोडीत एक नाव कमी पडते, असे आम्हांला वाटते. वॉशिंग्टनच्या आयुष्यात जे एका पुरुषाच्या वाट्याला आले, ते आमच्या इतिहासात पिता आणि पुत्र या दोघांत वाटले गेले. पुत्राचे चरित्र आम्ही लिहिले, गायिले, रंगभूमीवर आणिले. पित्याचे चरित्र लिहिताना मात्र आमची लेखणी अडखळते. ती का अडखळते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम वॉशिंग्टनचे पूर्वचरित्र थोडक्यात ध्यानात घेऊ. १७३२ मध्ये जन्मलेला हा व्हर्जिनियाचा जमीनदार एकविसाव्या वर्षी तेथील गव्हर्नराचा निरोप घेऊन ओहायोच्या खोऱ्यातील फ्रेंचांकडे गेला. पुढच्याच वर्षी, १७५४ मध्ये, फोर्ट नेसेसिटी येथे त्याला फ्रेंचांपुढे शरणागती पत्करावी लागली. १७५५ मध्ये जनरल ब्रॅडॉकच्या फौजेची जी दाणादाण उडाली, तीतून तो कसाबसा वाचला. इंग्लंडच्या राजाच्या खड्या फौजेत आपणास अधिकारपद मिळावे यासाठी त्याने खटपट केली. ती फळास आली नाही. ज्या राजाविरुद्ध १७७५ मध्ये त्याने सेनापतिपद स्वीकारले, त्याच राजसत्तेची चाकरी त्याने ऐन उमेदीच्या काळात केली होती. या गोष्टीची अमेरिकन चरित्रकारांना लाज वाटत नाही. ते या वर्षांकडे उमेदवारीचा काळ म्हणून पाहतात. फौज कशी पोसावी, रसद कशी जमवावी, पराभवानंतर माणसे एकत्र कशी राखावी, हे पुढे १७८९ ते १७९७ पर्यंत अध्यक्षपद भूषविणारा पुरुष याच चाकरीत शिकला, असे ते सांगतात. आयुष्याचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध एकाच माणसाचे असल्यामुळे उत्तरार्धाच्या प्रकाशात पूर्वार्ध आपोआप उजळतो.

शहाजीराजांना हे भाग्य लाभले नाही. त्यांच्या कथेचा उत्तरार्ध त्यांच्या पुत्राच्या नावे जमा झाला आणि चाकरीचा पूर्वार्ध तेवढा त्यांच्या नावे खर्ची पडला.

हा विचार बंगळुरात बसून करण्यास एक निमित्तही आहे. येथील जुन्या किल्ल्याचा जो थोडा भाग शहराच्या बाजारपेठेजवळ उरला आहे, तेथे इंग्रजांनी तट फोडून आत प्रवेश केल्याची नोंद करणारी शिला आहे. तो दिवस २१ मार्च १७९१ चा आणि सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस. म्हणजे दहाच वर्षांपूर्वी, १७८१ मध्ये, यॉर्कटाउन येथे ज्याच्या सैन्याने वॉशिंग्टनपुढे शस्त्रे ठेविली तोच. बंगळूर पडले तेव्हा वॉशिंग्टन अध्यक्षपदावर होता, आणि त्याच मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा काही आठवड्यांनी मेलकोट्याजवळ कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या. कॉर्नवॉलिसची शिला आम्ही पाहून येतो. त्याच्या दीडशे वर्षे आधी याच गावात ज्यांचा दरबार भरत होता, त्या शहाजीराजांचा वाडा मात्र आज उरलेला नाही. चिकपेठेच्या गर्दीतून जाताना आपण त्या दरबाराच्या जागेवरून तर चाललो नाही ना, असा विचारही आपल्या मनात क्वचितच येतो.

राजांच्या आयुष्याची रूपरेषा वाचकांच्या परिचयाची असली तरी ती सलग मांडून पाहिली पाहिजे. जन्म सामान्यतः १५९४ चा मानतात. १६२४ मध्ये भातवडीच्या रणात मलिक अंबरने मोगल व विजापूरकर यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. त्या युद्धात शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामास आले. १६२९ मध्ये सासरे लखुजी जाधवराव यांचा निजामशाही दरबारात विश्वासघाताने वध झाला. त्यानंतर काही काळ मोगलांची चाकरी, तीही सोडून १६३३ मध्ये पेमगिरी येथे निजामशाही घराण्यातील एका अल्पवयीन मुलाला गादीवर बसवून तिच्या नावाने सुमारे तीन वर्षे कारभार, १६३६ मध्ये माहुलीस मोगल व आदिलशहा या दोघांपुढे माघार, आणि मग अखेरपर्यंत विजापूरची सरदारी. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत बंगळूर केंपेगौडांच्या हातून गेले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत आले. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा सभोवतालचा मुलूखही त्यांच्याकडे सोपविण्यात आला. पुणे त्यांचे वतनी घर राहिले, परंतु संसार, दरबार आणि फौज यांचे ठाणे बंगळूर झाले.

या आयुष्याचे आमच्या वाङ्मयात काय झाले? सभासदाने आपली बखर १६९७ च्या सुमारास जिंजीच्या वास्तव्यात, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. जिंजी कर्नाटकात, बंगळुरापासून फार दूर नव्हे. तरीही त्याच्या लेखणीला बंगळूरच्या दरबाराचे कुतूहल नाही. शिवाजीराजे बाराव्या वर्षी पुण्यास रवाना झाले की त्याची कथाही त्यांच्यामागून जाते आणि पिता मागे राहतो. परमानंदाच्या शिवभारतात पित्याला अधिक मान आहे. त्याच्या कैदेचे आणि सुटकेचे वर्णन विस्ताराने येते. परंतु काव्याचे नावच शिवभारत. त्यात पित्याने पुत्राच्या अवताराची पार्श्वभूमी व्हावे, हे ओघानेच आले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजीराजांनी भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले, तेथे कथा शेवटी व्यंकोजीराजांच्या शाखेकडे वळते. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात भूमी कशी तयार झाली आणि बीज कसे पेरले गेले, अशी प्रकरणेच पाडली. दृष्टांत समर्पक आहे, पण त्यातही मागची पिढी भूमीच्या बाजूला पडते. कोणी पिता म्हणून, कोणी पूर्वज म्हणून, कोणी पूर्वतयारी म्हणून शहाजीराजांकडे पाहिले. त्यांच्याकडे त्यांच्याचसाठी पाहणारा जवळजवळ एकच ग्रंथ आमच्या हाती येतो, आणि तो याच बंगळूरच्या दरबाराशी निगडित आहे.

जयराम पिंड्ये या कवीचा राधामाधवविलासचंपू हा तो ग्रंथ. कवी नाशिककडचा. शहाजीराजांच्या औदार्याची कीर्ती ऐकून तो बंगळुरास आला. राजांच्या पुढे त्याने बारा नारळ ठेविले; कारण विचारता, आपण बारा भाषांत कविता करतो असे त्याने सांगितले, अशी कथा ग्रंथात आहे. गद्यपद्यमिश्रित अशा या रचनेचा पूर्वभाग नावाप्रमाणे राधामाधवांच्या विलासाचा आणि उत्तरभाग शहाजीराजांच्या दरबाराचा आहे. अखेरीस संस्कृताखेरीज इतर भाषांतील रचना येतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह हा ग्रंथ प्रकाशात आणिला नसता, तर मराठी वाचकास जयरामाचे नावही कळले नसते.

काव्य म्हणून चंपूची योग्यता मध्यम आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. राधामाधवांचा शृंगार परंपरेने ठरविलेल्या वाटेने जातो. उपमा-उत्प्रेक्षा पूर्वसूरींच्या भांडारातील आहेत. दरबाराच्या भागात तर स्तुतीला सीमा नाही. उत्तरेस शहाजहान आणि दक्षिणेस शहाजी असे दोघे पृथ्वीचे रक्षण करीत असल्यामुळे ईश्वरास काळजीचे कारण उरले नाही, अशा आशयाचे त्याचे कवन पुष्कळांच्या कानावरून गेले असेल. विजापूरचा एक सरदार दिल्लीपतीच्या तोलाचा ठरविण्यास कवीला नावांतील सादृश्य पुरेसे झाले. बिदागीची अपेक्षा असलेल्या कवीचे हे बोल इतिहासाचा पुरावा म्हणून घेणे धोक्याचे आहे.

परंतु स्तुतिकाव्य वाचण्याची आणखी एक रीत आहे आणि टीकाकाराने तीच अंगीकारावी असे आम्हांला वाटते. कवी मुद्दाम जे सांगतो त्यापेक्षा तो सहज जे सांगून जातो, ते अधिक विश्वसनीय असते. राजा इंद्रासारखा होता, हे वाक्य आम्ही सोडून देऊ. पण कवीला समस्या घालणारे लोक दरबारात बसलेले होते, त्या समस्या निरनिराळ्या भाषांतल्या होत्या, संस्कृत, मराठी, हिंदुस्थानी यांच्या जोडीने कन्नड रचनेलाही तेथे जागा होती, आणि हे सारे ऐकून दाद देणारा धनी सिंहासनावर नव्हे, तर जहागीरदाराच्या गादीवर बसलेला होता, हे रचून सांगण्याचे कवीस काही प्रयोजन नव्हते. नाशिकहून निघालेला कवी पुण्यास न थांबता बंगळूर गाठतो, यातही त्या काळच्या मराठी मनुष्यास आश्रय कोठे दिसत होता हे कळते. मुख्य म्हणजे दिल्लीपतीशी बरोबरी करणारे कवन विजापूरच्या एका सरदाराच्या दरबारात उघडपणे म्हटले गेले आणि ते ग्रंथात नोंदविलेही गेले. ऐकणाऱ्यांच्या मनात आपल्या धन्याविषयी कोणती भावना होती, हे त्या कवनाच्या अतिशयोक्तीपेक्षा त्याला मिळालेल्या मुभेवरून अधिक समजते.

राजवाड्यांच्या प्रस्तावनेने शहाजीराजांवरील अन्याय दूर करण्यास आरंभ केला, याबद्दल मराठी वाचक त्यांचा ऋणी आहे. त्यांनी राजांच्या कर्तृत्वाची बाजू अशा आवेशाने मांडली की, त्यानंतर त्यांना केवळ ‘शिवाजींचे वडील’ म्हणणे कोणासही कठीण व्हावे. परंतु त्यांच्या मागून आलेल्या लेखकांनी या आवेशाचा एक सोपा निष्कर्ष काढला. शहाजीराजे मनातून स्वतंत्रच होते, विजापूरची चाकरी हे निव्वळ सोंग होते, आणि पुण्याकडे जे घडले ते सर्व बंगळुरातून चालविलेल्या गुप्त मसलतीचे फळ होते, असे आता कथा-कादंबऱ्यांतून गृहीत धरले जाते. आमचा आक्षेप येथे आहे. राजांना दोष देणारे चाकरीला कलंक मानतात आणि त्यांचा कैवार घेणारे तिला मुखवटा मानतात. चाकरी हे एक काम होते, ते त्यांनी कसे केले, त्यात काय उभारले आणि त्याची काय किंमत दिली, हा प्रश्न दोन्ही पक्ष टाळतात.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आयुष्य बदलीच्या हुकमांवर चालते. परमुलखात, परभाषेत, दुसऱ्याच्या शिक्क्याखाली काम करणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकावरून शिकण्याचे कारण नाही. म्हणून हा प्रश्न त्यांच्यापुढेच ठेवावासा वाटतो. जिंकलेल्या केंपेगौडांचा समूळ उच्छेद न होता मागडी त्यांच्याकडे राहिली. विजापूरकरांच्या अमलाबरोबर देशमुख, देशपांडे यांसारखी पदे या बाजूस आली आणि हिशेबाची मराठी पद्धत मागून आलेल्या सत्तांनाही उपयोगी पडली. १६४२ च्या सुमारास शिवाजीराजे व जिजाबाई यांची पुण्यास रवानगी झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर पेशवे, मुजुमदार, डबीर, सबनीस अशी कारभाराची जाणती मंडळी देण्यात आली. त्यांची नावे बखरींत आहेत. बारा वर्षांच्या मुलाबरोबर पित्याने काय पाठविले हे पाहावे. त्याने हाताखालचे कसलेले कारकून पाठविले. राज्य स्थापण्यास तलवार लागते हे आमचे सर्व ग्रंथ सांगतात. दफ्तर लागते हे सांगणारे थोडे आहेत, आणि हे दफ्तर ज्या चाकरीत तयार झाले, तिचे वर्णन करणारा तर कोणीच नाही.

या चाकरीची किंमतही मोठी होती. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीजवळ मुस्तफाखानाच्या छावणीत राजांना कैद करण्यात आले. ज्या दरबारासाठी बारा वर्षे मोहिमा केल्या, त्याच दरबाराची ही आज्ञा. ज्येष्ठ पुत्र संभाजीराजे यांनी बंगळूर लढविले. १६४९ मध्ये सुटका झाली तेव्हा पित्यासाठी धाकट्याने कोंढाणा आणि थोरल्याने बंगळूर सोडून दिले, असे शिवभारत सांगते. पुढे बंगळूर परत मिळाले, पण संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. या थोरल्या पुत्राइतका विस्मृत पुरुष भोसले कुलात दुसरा नसेल. पित्याची छाया तरी पुत्राच्या तेजामुळे दिसते. संभाजीराजांना तीही नाही. विजापूरच्या बादशहास राजांनी लिहिलेले एक पत्र संशोधकांच्या परिचयाचे आहे. आपण अनेक दरबारांत सेवा केली, पण अपमान सोसून सेवा केली नाही, असा त्याचा सूर आहे. हे पत्र बंडखोराचे नव्हे आणि लाचाराचेही नव्हे. ज्याने आयुष्यभर काम केले आणि त्या कामाची मर्यादा ज्याला ठाऊक आहे, अशा माणसाचे ते आहे. शहाजीराजांचे चरित्र लिहिणाऱ्याने आरंभ या पत्रापासून करावा.

याबाबतीत अमेरिकन चरित्रवाङ्मयाचा इतिहास आम्हांला शिकवण देणारा आहे. वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजी वारला आणि पुढच्याच वर्षी मेसन वीम्स या धर्मोपदेशकाने त्याचे चरित्र लिहिले. वडिलांचे चेरीचे झाड तोडून सत्य कबूल करणाऱ्या मुलाची जी गोष्ट आपण लहानपणी क्रमिक पुस्तकांत वाचली, ती याच चरित्राच्या १८०६ च्या आवृत्तीत अवतरली; तिला आधार काही नाही. पुढे संशोधकांनी ती बाजूस सारली. त्यांनी आणखी एक कठीण काम केले. वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर त्याच्या मृत्युसमयी तीनशेहून अधिक गुलाम होते. त्यांपैकी जे त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते, त्यांच्या मुक्ततेची तरतूद त्याने मृत्युपत्रात केली, जिवंतपणी नव्हे. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या सदाचारी लोकांना. तरुणपणी त्यांनी ज्याचे चरित्र वाचले, तो मात्र स्वतः गुलामांचा धनी होता. आज अमेरिकेत वॉशिंग्टनचे कोणतेही जबाबदार चरित्र ही गोष्ट लपवीत नाही, आणि तरीही त्याची राष्ट्रपित्याची जागा ढळलेली नाही. सत्य सोसण्याइतके बळ त्या चरित्रात आहे, असा विश्वास तेथील लेखकांना वाटतो. शहाजीराजांच्या आणि शिवछत्रपतींच्या थोरवीवर आमचा तेवढा विश्वास असावयास नको काय? पिता आदिलशहाचा निष्ठावान आणि कर्तबगार सरदार होता, असे म्हटल्याने पुत्राच्या पराक्रमास कोणता उणेपणा येतो?

असे चरित्र लिहिण्यास साधने नाहीत, ही सबब आता चालण्यासारखी नाही. वा. सी. बेंद्रे यांच्यासारख्यांनी मालोजीराजे व शहाजीमहाराज यांच्या चरित्रासाठी कागदपत्रांची छाननी करून ठेविली आहे. फारसी तवारिखांचा अभ्यास झालेला आहे. उणीव आहे ती कन्नड बाजूची. या मुलखातील शिलालेख, पाळेगारांच्या कैफियती, म्हैसूरच्या वोडेयरांचे इतिहास हे बहुतेक मराठी लेखकांस भाषेमुळे बंद आहेत. येथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या आणि कन्नड लिहू-वाचू लागलेल्या मराठी मंडळींस ते खुले आहेत. शहाजीराजांना केवळ महाराष्ट्राच्या बाजूने पाहिले की ते घर सोडून गेलेले दिसतात. बंगळूरच्या बाजूने पाहिले तर ते येथे आलेले, राहिलेले आणि काही करून गेलेले दिसतील. या दोन्ही बाजू एकत्र मांडणारा ग्रंथ पुण्यामुंबईच्या लेखकापेक्षा येथील एखादा निवृत्त अधिकारी अधिक चांगला लिहू शकेल, असे आम्हांस मनापासून वाटते.

त्यांच्यानंतरचा बंगळूरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. व्यंकोजीराजांनी तंजावर हस्तगत करून आपली गादी तेथे नेली. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बंगळूर घेतले आणि ते तीन लक्ष रुपयांस चिक्कदेवराज वोडेयरांच्या हाती गेले. मराठी दरबाराचे अर्धशतक संपले.

१६६४ च्या जानेवारीत शिवाजीराजे सुरतेवर चालून गेले आणि मोगलांच्या त्या श्रीमंत बंदरातील संपत्ती घेऊन परतले. त्याच महिन्याच्या २३ तारखेस, चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे, आदिलशाहीच्या चाकरीत असलेले शहाजीराजे शिकारीत घोड्यावरून पडून मृत्यू पावले. त्यांची समाधी तेथे आहे. आज ते गाव दावणगेरे जिल्ह्यात मोडते. सुट्टीच्या दिवसांत श्रवणबेळगोळ आणि हळेबीड पाहण्यास जाणाऱ्या आमच्या वाचकांनी एखादा दिवस तिकडेही काढावा, आणि परत आल्यावर जयरामाचा चंपू राजवाड्यांच्या प्रस्तावनेसह एकदा सावकाश वाचावा, एवढी आमची विनंती आहे.